मेळ

माझं काम एवढंच : काही बदलू द्यायचं नाही.
सिगारेट अर्धी जळली होती की पाऊण,
कोटाचं दुसरं बटण लावलेलं की उघडं,
प्रेताच्या डाव्या हाताचा तळवा वर की खाली,
सगळं वहीत, वेळेसकट.
चौदा वर्षं त्रिएस्ते शहरात मी हेच करते.
लोक इन्स्पेक्टर ब्रेसानला ओळखतात,
मी त्याची बटणं ओळखते.

ब्रेसान म्हणजे लिवियो कोसुत्ता.
पडद्यावर रक्ताच्या थारोळ्याशेजारी उकिडवा बसून विचार करतो,
एरवी सुई टोचली तरी भोवळ येते त्याला.
स्वतःचा चष्मा शोधायला रोज मला हाक मारतो.
आमची पोलीस चौकी म्हणजे बंद पडलेली विमा कचेरी,
पिस्तूल रबराचं,
आणि खुनी शेवटच्या जाहिरातीनंतर लगेच सापडतो.

त्या फेब्रुवारीत बोरा सुटला होता,
माणसाला धक्क्यावरून समुद्रात लोटू पाहणारा इथला वारा.
प्रेत झालेली मुलगी ब्लँकेट लपेटून
गळ्यावरचा वळ न पुसता सूप पीत होती.
तेवढ्यात एक बाई दोरीखालून वाकून आत आली,
हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फोटो.

‘इन्स्पेक्टर,’ म्हणाली.
‘माझा भाऊ दारिओ. गोदीत क्रेनवर होता.
एक्क्याण्णव साली पाव आणायला गेला.’

तिला हाकलायला पोरं धावली.
लिवियोनं दोन बोटं वर केली, ब्रेसान करतो तशी,
मग ओशाळून खाली घेतली.
‘बाई, मी नट आहे.’
‘माहीत आहे. वेडी नाही मी.
खऱ्यांनी फाईल बंद केली, म्हणून आले.’

त्यानं खिशातून टिपणवही काढली.
तिची पानं डिंकानं चिकटवलेली.
पेनात शाई नव्हती, कधीच नसते, कपडे खराब होतात.
मग त्यानं माझी वही ओढून घेतली.

काय घातलं होतं? चालताना कुठला पाय आधी टाकायचा?
कुणाशी भांडण?
तिसऱ्या मोसमातले प्रश्न, त्याच क्रमानं.
फक्त, पटकथेत उत्तराला तीन सेकंद असतात.
निवेस फुर्लान बाईंना
पायाबद्दल सांगायला चार मिनिटं लागली
आणि तो थांबला.

मागं कुणीतरी घड्याळ दाखवत होतं.
सूप निवलं.

दुसऱ्या दिवशी ब्रेसानच्या टेबलावर,
टेलिफोनच्या डावीकडे, तो फोटो उभा.
‘हा कोण?’ दिग्दर्शक ओरडला. ‘कथेत नाही. काढा.’
लिवियो चष्मा शोधू लागला.
तो त्याच्या कपाळावरच होता.

‘काढता येणार नाही,’ मी म्हणाले,
‘कालच्या शॉटमध्ये आहे.’
आणि वही उघडून दाखवली.
चौदा वर्षांतली माझी एकच खोटी नोंद.
अक्षर मात्र सुबक आलं होतं.

तेव्हापासून तीन मोसम झाले.
दर रविवारी कुणीतरी मरतं,
दर रविवारी ब्रेसान छडा लावतो,
खलाशी, सराफ, एकदा तर पाद्री निघाला,
आणि दारिओ टेलिफोनच्या डावीकडून
सगळ्यांचे कबुलीजबाब ऐकतो.
एका प्रेक्षकानं पत्र लिहून विचारलं होतं,
फोटोतल्या माणसाचं रहस्य कितव्या भागात उलगडणार?
उत्तर मी दिलं नाही. पत्र वहीत ठेवलं.

बाई मध्ये एकदा आल्या, नवी प्रत घेऊन.
मी घेतली नाही. मेळ बसला नसता.

दिव्यांच्या झळीनं आता तो फिका पडत चाललाय.
आधी शर्टाच्या चौकटी गेल्या, मग मिशी.
शॉटआधी मी जवळ जाऊन बघते, लिहिते :
फोटो, टेलिफोनच्या डावीकडे, किंचित तिरपा.
डावा कान अजून दिसतो.